मावशींची शून्यरेषा

पोटाला खोटं बोलता येत नाही, असं केतकी सबनीस पहिल्यांदा बोलली ते चेष्टेत. पुढं तेच वाक्य संस्थेच्या फाटकावर हिरव्या अक्षरांत लागलं आणि चेष्टा संपली.

दिगंत व्यवस्थापन संस्था नाशिकच्या पश्चिमेला, द्राक्षमळे संपून टेकड्या सुरू होतात तिथं आहे. साडेचारशे विद्यार्थी, दोन वसतिगृहं, एक मेस, आणि भिंतीभिंतीवर 'शाश्वत' हा शब्द. २०४१ साली व्यवस्थापन संस्थेला मानांकन हवं असेल तर नुसती झाडं लावून भागत नसे. विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेतला आणि त्यावरून पर्यावरणाची अमुक सुधारणा केली, असं पुराव्यानिशी दाखवावं लागे. आता विद्यार्थ्यांचा अभिप्राय म्हणजे काय, हे ज्यानं ते फॉर्म एकदा तरी वाचलेत त्याला सांगायला नको. सगळ्यांना सगळं उत्तम. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांच्या गटाराला नावं कोण ठेवणार? मुलं नाक दाबून वसतिगृहामागच्या नाल्यावरून उडी मारत आणि वर्गात येऊन 'परिसर स्वच्छता' या रकान्यात पाचपैकी पाच तारे देत.

केतकी तिथल्या शाश्वतता विभागाची प्रमुख. विभागात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे प्रमुख होणं अवघड गेलं नाही. शिक्षणानं ती वैद्यकीय उपकरणं बनवणारी अभियंता. त्या ताऱ्यांचा तिला इतका उबग आला की त्यातून पोटपट्टी जन्मली.

कल्पना साधी होती. माणसाच्या जठराच्या स्नायूंतून विजेची एक संथ लाट सारखी फिरत असते, मिनिटाला साधारण तीनदा. भूक असो, झोप असो, तिचा ठेका फारसा बदलत नाही. किळस आली की मात्र तो मोडतो. चेहरा हसरा ठेवता येतो, फॉर्मवर टिक करता येते, पण जठराला आवर घालणं कोणाच्या हातात नसतं. केतकीनं बरगडीखाली चिकटवायची बोटभर रुंदीची पट्टी केली. ती हा ठेका ऐके. आवारात चाळीस ठिकाणी बसवलेले बिंदू सांगत की ठेका मोडला तेव्हा माणूस कुठं उभा होता. नावं गुप्त, फक्त जागा आणि वेळ. चाळीसही बिंदूंचा मिळून दर दिवशी एक आकडा निघे, त्याला किळस-निर्देशांक म्हणत. आकडा जिथं चढेल तिथं सुधारणा करायची. रागावलेला माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो, पण किळस आलेला माणूस वाट बदलतो, असा तिचा सिद्धांत होता.

यंत्राला एक अडचण होती. उन्हानं, घामानं पट्ट्या हळूहळू बहकतात. म्हणून दर सहा महिन्यांनी त्या ताडून पाहायला एक भक्कम पोट लागणार होतं. तोच माणूस, समोर तीच उष्ट्याची बादली. रेषा सरळ आली तर यंत्र ठीक. केतकीनं संस्थेतली सव्वीस माणसं बसवून पाहिली. सुरक्षारक्षक तिसऱ्या मिनिटाला उठला. वित्त शिकवणारे प्राध्यापक बादलीचं झाकण निघण्याआधीच गेले. शेवटी मेसमधल्या शेवंताबाई गांगुर्डे बसल्या आणि दहा मिनिटं बादलीकडे बघत घरच्या शेळीची गोष्ट सांगत राहिल्या. पडद्यावरची रेषा फूटपट्टीनं आखल्यासारखी. मिनिटाला तीन, मिनिटाला तीन.

"किळस येत नाही तुम्हाला, मावशी?" केतकीनं विचारलं होतं.

"किळस करून कसं चालंल? मंग पोट कशानं भरायचं?" शेवंताबाई म्हणाल्या.

त्या रेषेला केतकीनं शून्यरेषा नाव दिलं. साडेचारशे पोटांची किळस एका बाईच्या पोटावरून मोजली जाऊ लागली.

शेवंताबाई मेसच्या ताट-खिडकीवर असत. पन्नाशी उलटलेल्या, हाडापेरानं मजबूत. मुलांनी ठेवलेली ताटं निपटायची, खरकटं वेगळं करायचं आणि ते मागच्या गॅसच्या टाकीत न्यायचं हे त्यांचं काम. ही टाकी संस्थेतली एकमेव खरोखर शाश्वत गोष्ट होती. मेसचं उष्टं आणि वसतिगृहांच्या शौचालयांतला मैला त्यात जाई, जिवाणू तो पचवत, आणि निघालेल्या गॅसवर मेसचा निम्मा स्वयंपाक होई. दोन वर्षं हे चाललं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. शेवंताबाई टाकीला 'पोट' म्हणत. दंडापर्यंत हात बुडवून आतला पातळ गाळ, म्हणजे रबडी, हुंगत आणि म्हणत, "आज आंबलंय हिचं, भात कमी घालू." एकदाही चुकल्या नाहीत. पोट ऐकायची युक्ती केतकी त्यांच्याकडूनच शिकली, आणि याची कबुली तिनं एका शोधनिबंधाच्या तळटीपेत दिलीही होती.

केतकी रोज दीड वाजता टाकीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये डबा घेऊन जाई आणि शेवंताबाईंजवळ बसून जेवे. संचालकांच्या जेवणाच्या टेबलापेक्षा ते बरं, असं ती म्हणायची. मनातून तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

पहिलं सत्र छान गेलं. नाल्याच्या बिंदूवर आकडा चढला आणि जो नाला सहा वर्षं सुधारला नव्हता तो आठ दिवसांत बुजला. मग ताट-खिडकीपाशी केतकीनं काचेची टाकी ठेवली. आपण टाकलेली भाजी, अर्धी चावलेली पोळी, ताकात भिजलेला भात एकात एक मिसळताना मुलांना दिसू लागला. पोटं हलली, आणि रोजचं दीडशे किलो उष्टं साठावर आलं. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातून खरीखुरी सुधारणा झाली होती. इथंच थांबले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

पण संचालक डॉ. शिरीष कारखानीस यांना थांबणं माहीत नव्हतं. हे गृहस्थ स्वतः पट्टी लावत नसत. निर्णय घेणाऱ्याचा अभिप्राय धरला तर पक्षपात होतो, असं त्यांचं म्हणणं. मेसमध्येही जेवत नसत, घरून डबा येई. मानांकन समितीची भेट ठरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे इतकी चांगली गॅसची टाकी आहे आणि आपण ती कोणाला सांगितलीच नाही. अशा संस्थांची ही जुनी खोड. काम झालं तरी त्याचा फलक लागेपर्यंत ते झाल्यासारखं वाटत नाही.

फलक लागला. झेंडूच्या माळा लागल्या, नारळ फुटला, आणि तेही बरोबर एक वाजता, मेस भरलेली असताना. फलकावर लिहिलं होतं, 'आजचा भात कालच्या उष्ट्यावर शिजला आहे. अभिमान बाळगा.' एवढ्यावर भागलं नाही म्हणून कारखानीसांनी माईक हातात घेतला आणि आपल्या भारदस्त आवाजात शौचालयांचाही यात मोलाचा वाटा असल्याचं सांगितलं. पोरांच्या हातात आमटीभाताचे घास होते. टाळ्या वाजल्या, कारण संचालक बोलले की टाळ्या वाजवायच्या असतात. केतकीच्या टॅबवर मात्र साडेचारशे ठेके एकदम मोडले. निर्देशांक नऊवरून एकाहत्तरवर गेला.

त्या संध्याकाळी फॉर्मवरचा अभिप्राय आला, चार पूर्णांक आठ तारे. 'अत्यंत प्रेरणादायी उपक्रम.'

केतकीनं दुसऱ्या दिवशी वर्ग घेतला. ज्वालेला काही आठवत नसतं, गॅस कुठून आला हे भाताला कळत नाही, हे तिनं आकृत्या काढून समजावलं. मुलांनी माना डोलावल्या. तनिष्का कोठावदे नावाची एक हुशार मुलगी तास संपल्यावर थांबली.

"मॅम, मला डोक्यानं सगळं पटतंय. मी यावर निबंधही लिहिलाय. पण घास आत जात नाही," ती म्हणाली. "मग मला स्वतःचाच राग येतो, आणि तरीही जात नाही."

केतकीला तिची दया आली आणि थोडी चीडही.

यंत्र तिनंच असं बांधलं होतं की दिवसाचा, एका बिंदूचा किंवा एका पट्टीचा आकडा साठावर गेला की सुधारणा-आदेश आपोआप निघे आणि त्यावर विभागप्रमुखाची सही लागे. पहिला आदेश फलक काढण्याचा होता. दुसरा शौचालयांची जोडणी तोडण्याचा. तिसऱ्यात टाकीचा गॅस मेसला द्यायचा बंद झाला आणि डिझेलच्या ट्रकमधून सिलिंडर येऊ लागले. तिन्हींवर केतकीनं सह्या केल्या. मुलं पुन्हा पोटभर जेवू लागली. उष्टंही पुन्हा वाढलं, कारण काचेची टाकी चौथ्या आदेशात गेली होती. निर्देशांक बावीसवर आला, तरी दिवसाचा आलेख एका जागी अडला. बिंदू क्रमांक चौदा, दुपारी एक वाजून दहा मिनिटं, रोज.

चौदा म्हणजे ताट-खिडकी. तिथं आता उष्टं दिसतच नव्हतं. ताटं सरकत्या पट्ट्यावरून आत जात आणि झाकलेल्या पिंपात रिकामी होत. केतकीनं महिन्याचा आलेख काढला. दोन दिवस तिथं उंचवटा नव्हता. ते दोन दिवस शेवंताबाई भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या.

तिनं तो आलेख दोनदा मिटवला आणि दोनदा पुन्हा काढला. पट्ट्यावरचं ताट आत ओढायला खिडकीतून एक हात पुढं येत होता. तो हात कुठं कुठं गेलेला असतो हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. सगळं कॉलेज ज्या बाईला मावशी म्हणत होतं, तिच्या हाताला पाहून साडेचारशे पोटं ढवळत होती.

तिनं उपाय शोधला, आणि तोही तिला शोभणारा. शेवंताबाईंना पांढरा कोट, टोपी, मास्क आणि कोपरापर्यंत हातमोजे दिले.

"हे कशापाई, मॅडम? आज्यार आलाय का काई?" शेवंताबाईंनी विचारलं.

"नियम आलाय, मावशी."

कोट घातल्यावर उंचवटा दुप्पट होऊन साठावर गेला. एवढं झाकायला लागतं म्हणजे आत काय असेल, असं पोटांना वाटलं असणार.

कारखानीसांनी केतकीला बोलावलं. समिती आठ दिवसांवर आली होती. टेबलावर पाचवा सुधारणा-आदेश होता. 'बिंदू १४ येथील स्रोत हटविणे.'

"सर, तो स्रोत म्हणजे मावशी आहेत."

"कोण माणूस आहे ते आपण पाहतच नाही. तुम्हीच तर म्हणालात, नावं गुप्त. हा एक बिंदू आहे."

"मुलांना त्यांची किळस येते यात सुधारणा मुलांत व्हायला हवी. हा अभिप्राय चुकीचा आहे."

"अभिप्राय चुकीचा?" कारखानीस मवाळपणे म्हणाले. "फाटकावर काय लिहिलंय आपण?"

मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. पट्टी क्रमांक एक, सर्वांत जुनी. नाव नसलं तरी ती केतकीची हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं आपला आलेख कधी उघडून पाहिला नव्हता, त्याची गरजच वाटली नव्हती. सकाळभर सरळ रेषा, दुपारी दीड वाजता शेडमध्ये उंचवटा, दोन वाजता पुन्हा सरळ. सोमवार, मंगळवार, बुधवार. दोन वर्षं.

"बघा, तुम्हीसुद्धा," कारखानीस म्हणाले. "यात लाजण्यासारखं काही नाही. माणसंच आहोत आपण."

आपण कशाचा अभिमान बाळगत होतो ते केतकीला त्या उंचवट्यांच्या रांगेत दिसलं. शेजारी बसून खाल्लेली भाकरी, मावशींनी आपल्या डब्यातून दिलेला ठेचा, 'आवडला' म्हणून मागून घेतलेला दुसरा घास, सगळ्यावर पोटानं आपलं मत नोंदवून ठेवलं होतं. तिला कारखानीसांची शिसारी आली आणि तितकीच स्वतःची. अशा पोटानं मुलांना काय शिकवणार, हा प्रश्न तिच्या तोंडात बोळा कोंबावा तसा बसला. तिनं सही केली. समिती गेली की परत बोलावू, असं तिनं मनाशी ठरवलं. असं ठरवलं की सही करायला सोपं जातं.

शेवंताबाईंना मेसच्या कंत्राटदारानं सांगितलं की काम कमी झालंय. त्या गेल्या. टाकीला खायला घालणारं कोणी उरलं नाही. ती चार दिवसांतच आंबून मेली आणि तिचा असा वास सुटला की दोन दिवस वर्ग बंद ठेवून तिच्यावर काँक्रीट ओतावं लागलं. उष्टं आता झाकलेल्या ट्रकमधून टेकडीपलीकडच्या गावाच्या खाणीत जाऊ लागलं. त्या गावातल्या कोणाच्या पोटावर पट्टी नव्हती. निर्देशांक शून्य झाला. समितीनं 'विद्यार्थी-अभिप्रायातून शाश्वतता' या सदरात संस्थेला पहिलं मानांकन जाहीर केलं. फक्त एक कागद राहिला होता. यंत्र ताडून पाहिल्याचं प्रमाणपत्र संपत आलं होतं, आणि नियमानं ती तपासणी त्याच मूळ माणसावर व्हायला हवी होती.

म्हणून एका रविवारी सकाळी केतकी पट्टी, टॅब आणि झाकणाची बादली घेऊन शेवंताबाईंच्या घरी गेली. निर्लज्जपणाची हद्द झाली हे तिला कळत होतं. तरी ती गेली, कारण मावशींना परत बोलवायची गोष्टही तिला बोलायची होती.

घर गावाच्या कडेला, स्वच्छ सारवलेलं. दारात शेळी बांधलेली. शेवंताबाईंनी तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

"पट्टी ना? लावा की. मला तिचं काय दुखतं?"

बादलीचं झाकण निघालं. कालची पावभाजी, पिवळं पडलेलं दही, त्यावर एक टिश्यू पेपर. केतकीनं तोंड फिरवलं. पडद्यावर मिनिटाला तीन, मिनिटाला तीन. शेवंताबाई बादलीत डोकावून म्हणाल्या, "लईच टाकाया लागले वो पोरं परत. आपण साठावर आणलं व्हतं."

केतकीला राहवलं नाही. "मावशी, तुम्हाला एक सांगायचंय. मी शेडमध्ये तुमच्याजवळ बसून जेवायचे ना, तेव्हा माझंही पोट बिघडायचं. रोज. मला माहीत नव्हतं. यंत्रात निघालं."

शेवंताबाई हसल्या. "मला ठाव व्हतं की."

"कसं?"

"घास अडायचा तुमचा. मंग पानी प्यायच्या. पयल्या दिसापासून बघते मी. पोटाचं काय घेऊन बसलात, त्याला जे शिकवलं ते बोलतं. अडलेला घास गिळून दुसऱ्या दिशी परत यायच्या, ते मी बघायची. म्हणून तर ठेचा आणायची तुमच्यासाठी."

रेषा सरळ होती. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. हे कुठल्याही बिंदूवर, कुठल्याही आलेखात नोंदलं गेलं नव्हतं. दोन वर्षं यंत्र पोटाचं ऐकत राहिलं, आणि परत परत येणाऱ्या पायांकडे त्यानं पाहिलंच नाही. तिला इतकं हलकं वाटलं की पुढचंही सांगून मोकळं व्हावं असं वाटलं.

"आणि मावशी, काम कमी झालं म्हणून तुम्हाला काढलं नाही. मुलांना तुमची किळस येते असं यंत्र म्हणालं. तुम्हाला हटवायचा कागद निघाला होता. त्यावर सही लागत होती. ती मी केली. समिती गेल्यावर मी तुम्हाला परत..."

शेवंताबाईंचा चेहरा होता तसाच राहिला, हात मांडीवर होते तसेच. दारातली शेळी पाला ओढत होती. पडद्यावरची रेषा आधी थरथरली, मग वाकडी झाली, मग तिचा ठेकाच हरवला. दोन, पाच, एक, सात. टॅब बारीक आवाजात वाजू लागला. तीस वर्षं लोकांच्या उष्ट्यात हात घालून जे पोट हललं नव्हतं ते ढवळून निघालं होतं. बादलीचं झाकण केतकीनं केव्हाच लावलं होतं.

"काय म्हनती पट्टी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"बिघडलंय, मावशी."

"कशानं?"

केतकीच्या समोर टॅबवर चौकट उघडली होती. आकडा साठावर गेला की उघडावी असं तिनंच ठरवलं होतं. 'सुधारणा-आदेश. हटवायचा स्रोत', आणि पुढं रिकामी जागा.

"माझ्यानं," ती म्हणाली.

शेवंताबाईंनी पदराआड हात घालून पट्टी सोडवली, तिची चिकट बाजू आत दुमडली आणि ती केतकीच्या ओंजळीत ठेवली.

"मंग करा सही," त्या म्हणाल्या, आणि शेळीला पाणी दाखवायला उठल्या.